शक्यतो

पहाटे चारला हॅव्हर सोडलं तेव्हा
बाहेर उणे बावीस, आणि मागच्या सीटवर
स्टेपल केलेल्या एकतीस प्रती,
कलम सात, उपकलम दोनच्या दुरुस्तीसाठी.
दुरुस्ती म्हणजे काय, तर एक शब्द काढायचा.
‘भावंडांना शक्यतो एकाच घरी ठेवावे.’
त्यातला शक्यतो.

अकरा वर्षं मी आठ खाटांचं बालगृह चालवते.
शक्यतो किती रुंद असतो ते मला विचारा.
त्यातून अख्खी मोटार जाते,
आत एकच मूल बसवून.

टेस नायगार्ड, आमच्या संघटनेची वकील,
ग्रेट फॉल्सला गाडीत चढली, हातात कॉफी.
म्हणाली, आकडे सांग. गोष्ट सांगायला गेलीस तर रडशील,
आणि रडण्यात वेळ जाईल.
हेलेनात माणशी दोन मिनिटं मिळतात.
टेबलावर छोटे दिवे: हिरवा, पिवळा,
आणि मग लाल, तुमचं जे काही राहिलं असेल त्यावर.

मी आकडे सांगितले.
वेगळी केलेली भावंडं, शेकडा इतकी.
बदललेल्या शाळा, सरासरी इतक्या.
समितीतले एक जण पेन्सिलीला टोक करत होते.
सिनेटर प्रुइट यांनी चष्म्यावरून पाहिलं:
“बाई, यात तुमच्या संस्थेचा फायदा आहे का?”
आहे.
भरलेल्या खाटेमागे रोजचे पैसे मिळतात मला,
आणि दोन भावंडं म्हणजे दोन खाटा.
हो म्हणाले. खोटं कशाला बोलू?
मागे कुणीतरी खुर्ची सरकवली.

पिवळा लागला, तेव्हा मी कागद खाली ठेवला.

धाकट्याची नखं मोठा कापायचा.
एवढंच. दर रविवारी, बाथटबच्या कडेवर बसून,
एकेक बोट, मोठ्याने मोजत.
मोठ्याला माइल्स सिटीला पाठवलं,
कारण तिथे खाट रिकामी होती. एकच.
धाकटा पायाला कुणाला हात लावू देईना.
सहा आठवडे.
आम्हाला कळलं तेही बूट चढवताना तो किंचाळला म्हणून.
त्यांची नावं –
लाल.

नावं मी इथेही सांगणार नाही.

परतीच्या वाटेवर बर्फ भुरभुरत होतं.
मी गोष्ट विकली का गं, टेसला विचारलं.
ती वायपरकडे बघत राहिली.
“विकली असतीस,” म्हणाली,
“तर हातात काहीतरी आलं असतं.”

मार्चअखेर मंजुरी मिळाली.
शक्यतो गेला. खरंच गेला, आडवी रेघ मारून.
आणि ओळीच्या शेवटी, स्वल्पविरामाचं बोट धरून,
तीन शब्द येऊन बसले:
निधी उपलब्ध असल्यास.
संघटनेने केक आणला. मीही खाल्ला,
दोन तुकडे. वाईट नव्हता.

आमचं विधिमंडळ दोन वर्षांनी एकदा भरतं.
तोवर धाकटा दहाचा होईल.
मोठ्याच्या आवाजाला आत्ताच चरे पडायला लागलेत.
नव्या मसुद्याची फाइल मी उघडून ठेवली आहे,
वर तारीख टाकली आहे, खाली अजून काहीच नाही.

मात्र रविवारी संध्याकाळी
बाथटबच्या कडेवर फोन ठेवतो आम्ही, स्पीकर लावून.
तीनशे मैलांवरून मोठा मोजतो.
एक. मग थांबतो, नेलकटरचा आवाज येईपर्यंत.
दोन.
धाकट्याची टाच माझ्या तळहातात,
ओली, आणि संशयाने ताठ.
“करंगळीला जरा हळू,” तिकडून सूचना येते,
“तिथे तो हलतो.”

हलतो.